चौघांची एक प्लेलिस्ट, आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, हा कुठल्या ॲपचा रिव्ह्यू नाही. ॲप कुठलंही चालतंय, सगळी थोड्याफार फरकानं सारखीच डोकं फिरवतात. हा आमच्या पद्धतीचा रिव्ह्यू आहे. चौघांत मिळून एक प्लेलिस्ट, पाळीपाळीनं रोज एकानं एकच गाणं टाकायचं, बाकीच्या तिघांनी ते त्या दिवशी ऐकायचं. दिवाळीपासून चालू आहे, मध्ये लग्नसराईत आणि मार्चएंडला खाडे झाले, तरी १९० च्या आसपास गाणी झालीत.

चौघं म्हणजे मी (राहायला बेळगावच्या वडगावला, उद्यमबागला मोटर रिवायंडिंगचं दुकान), पुण्यात आयटीत असलेला मावसभाऊ, खानापूरकडं शाळेत शिकवणारी आमची आक्का, आणि गोकाकचा एक दोस्त, जो मराठीत सुरू करतो आणि रंगात आला की कन्नडमध्ये घुसतो. आवडी चार दिशेला. मी रेगे (जमैकाचं संगीत) आणि डबवाला (डब म्हणजे रेगेचीच गाणी, पण गाणाऱ्याचा आवाज काढून बेस आणि ड्रम पुढं आणलेली), भाऊ हिप-हॉप, आक्का काहीही ऐकते पण शब्द असले पाहिजेत, गोकाकवाल्याचं काय सांगता येत नाही.

पहिला महिना फुकट गेला. नियमच नव्हता. पुण्याच्या भावानं एका रात्रीत ३० गाणी ओतली आणि प्रत्येकाखाली एकच शेरा, 'बाप आहे, ऐकच'. पंगतीत वाढपी नको म्हटलं तरी जिलेबी टाकत सुटतो तसं झालं. मी पहिली दोन ऐकली, तिसरं अर्ध्यात सोडलं, आणि तोंडावर मात्र 'ऐकलो ऐकलो, मस्त आहे' म्हणून सांगितलं. नंतर कळलं की मी टाकलेल्या डबचंही त्यानं तेच केलं होतं. फिट्टंफाट.

मग एकदा आक्कानं एक जुनं रेगे टाकलं आणि खाली लिहिलं, 'दुसरं कडवं संपलं की गिटार गप्प होते, तेवढं बघ.' एवढंच. चांगलं-वाईट काही नाही. आणि झालं काय तर मी ते गाणं गिटार कधी गप्प होते ते बघायला म्हणून पूर्ण ऐकलं, मग परत ऐकलं, कारण गिटार गप्प झाल्यावर खाली बेस काय करतोय ते पहिल्यांदा सुटलं होतं. तेव्हापासून नियम: एक गाणं, एक ओळ, आणि ओळीत कौतुक नाही, कुठं कान द्यायचा ते लिहायचं. आठ महिन्यांत खरी कामाला आलेली गोष्ट ही एवढीच, बाकी सगळी सजावट.

आता डबविषयी, कारण माझं सगळ्यात जास्त त्यातच गेलंय, वेळ पण आणि पैसे पण.

सुरुवातीला मी फोनवरच किंग टबी ह्या जमैकन डबवाल्याची गाणी लावायचो आणि लोकांना ऐकवायचो, आणि लोक माझ्याकडं बघायचे. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं टकटक, मध्येच आवाज लांब जातोय, गाणारा एक शब्द म्हणून गायब. दोष त्यांचा नव्हता. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. आमच्या धंद्यातल्यांना सांगायचं तर ट्रान्सफॉर्मर जो हूं करतो तो १०० चा, म्हणजे ही तार त्याच्याही बऱ्याच खाली. फोनच्या चिमुकल्या स्पीकरातून ते येणारच नाही. डबमधून बेस काढला तर काय राहतंय, भेळीतून चुरमुरे काढल्यासारखं.

म्हणून मग एका डॉल्बीवाल्याकडून १५ इंची बेसचा एक डबा घेतला, कॉइल जळलेला, त्यामुळं स्वस्तात मिळाला. कॉइल मीच बदलली. पहिल्यांदा बसवली ती घासत होती, खर्र खर्र, परत काढली, परत बसवली, दोन रविवार गेले. पण जेव्हा लागला तेव्हा दुकानातल्या रॅकवरचे बेअरिंगचे डबे हळूच सरकायला लागले आणि मला कळलं की मी इतकी वर्षं हे संगीत ऐकतच नव्हतो, त्याची बातमी ऐकत होतो.

टबीचं मला विशेष वाटायचं कारण वेगळंच आहे. तो गायक नाही, वादक नाही. खरं नाव ऑसबर्न रुडॉक, जमैकातल्या किंग्स्टनमधल्या वॉटरहाऊस भागात रेडिओ दुरुस्त करणारा, साउंड सिस्टिमवाल्यांना (तिथले डॉल्बीवाले समजा) अँप्लिफायर बांधून देणारा माणूस. म्हणजे आपल्याच लायनीतला. दुसऱ्यांनी रेकॉर्ड केलेली गाणी घ्यायची, मिक्सरवर बसून आवाज बंद, गिटार बंद, नुसते बेस आणि ड्रम सोडायचे, मग गिटारचा एक फटका सोडून त्याचा एको होऊ द्यायचा. काढून टाकणं हेच त्याचं वाजवणं. १९८९ मध्ये त्याला घराबाहेर गोळी घालून मारलं. त्यानं मिक्स केलेला, ऑगस्टस पाब्लोचा १९७६ चा 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' हा अल्बम आमच्या लिस्टमध्ये मी टाकला तेव्हा ओळ लिहिली होती, 'पेटी ऐका'. कारण पाब्लो मेलोडिका वाजवतो, तोंडानं फुंकायची छोटी पेटीच ती, लहान मुलांचं खेळणं वाटावं अशी, आणि तिच्यातून असा काही उदास आवाज काढतो की आक्कानं, जिला शब्द लागतात, तिनं मला रात्री साडेदहाला फोन केला.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, भजनी मंडळात मृदंग वाजवतात, तबलापण येतो. सुळेभावीचे कुमार गंधर्व म्हणजे त्यांच्या दृष्टीनं शेजारच्या घरातले. ते एकदा मोटरची चौकशी करायला दुकानात आले, मागं रेगे चालू होतं. दोन मिनिटं टेबलावर बोटं आपटली आणि म्हणाले, "काय रे, ह्याची सम कुठं हाय?" मी म्हटलं, "काका, पहिल्या ठोक्याला ड्रम मोकळाच सोडतात, ठोका येतो तो तिसऱ्याला, वन ड्रॉप म्हणतात त्याला, आणि ती गिटारची चिकचिक दुसऱ्या-चौथ्याला." मला वाटलं आता चकित होतील. "मग रूपक तालात समच खाली, म्हणजे रिकामी असते की, त्यात काय नवल," म्हणाले आणि बसले. मोटर राहिली बाजूला. त्यानंतर चार वेळा आलेत, मोटर एकदाही आणली नाही. मला डबवर इतकं वाचून जे कुणी सांगितलं नव्हतं ते ह्या माणसानं उभ्या उभ्या सांगितलं, म्हणून त्यांना लिस्टमध्ये पाहुणे सदस्य केलंय.

डॉल्बीचं नाव काढलंच आहे तर. बेळगावात विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे काही सांगायला नको. किंग्स्टनचे साउंड सिस्टिमवाले पण रस्त्यावर भिंतीएवढे डबे रचायचे, दोन सिस्टिम समोरासमोर लावून कुणाचा भारी अशी जुगलबंदी करायचे, सगळं आपल्यासारखंच वाटतं. पण आपल्याकडं टॉप कानात घुसवतात आणि बेस छातीत हाणतात, मधे श्वास घ्यायला जागा नाही. डबमध्ये जागाच जागा. माझ्या डब्यावर मी हळू आवाजात लावतो तरी पोटात कळतंय. शेजारच्या वैनींचं मत वेगळं आहे. दहावीच्या परीक्षेत महिनाभर डबा बंद होता.

हिप-हॉपकडं मी भावामुळं आलो, आणि आलो तो मागच्या दारानं. डीजे कूल हर्क, ज्याच्या ११ ऑगस्ट १९७३ च्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पार्टीला हिप-हॉपचा वाढदिवस मानतात, तो मूळचा किंग्स्टनचा. लहानपणी साउंड सिस्टिम बघितलेला पोरगा, बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला गेला. पार्टी पण कसली, बहिणीला शाळा सुरू व्हायच्या आधी कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून बिल्डिंगच्या हॉलमध्ये ठेवलेली. गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा आला की लोक नाचतात हे त्यानं बघितलं, मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तुकडाच लांबवला. म्हणजे टबीनं काढून टाकलं आणि ह्यानं धरून ठेवलं. भावानं ही लिंक टाकली तेव्हा ओळ होती, 'तुझ्याच गावचा माणूस आहे'. मला दोन मिनिटं लागली कळायला.

हर्कची अजून एक गोष्ट. तो आपल्या रेकॉर्डची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा, दुसऱ्या डीजेंना गाण्याचं नाव कळू नये म्हणून. जमैकात हे आधीपासून चालायचं, तिथंही लेबलं खरवडायचे. हे वाचून मला हसू आलं कारण आमच्या धंद्यात अगदी हेच आहे. कुठल्या मोटरला किती टर्न, किती गेजची तार, हा डाटा जुने वाइंडर डायरीत लिहून ठेवतात आणि डायरी कुणाला दाखवत नाहीत. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते तर गिऱ्हाईक आलं की डायरीवर टोपी ठेवायचे. मी पण पहिले सहा महिने दोन-तीन गाणी लिस्टमध्ये टाकली नव्हती, खरं सांगतो. माझी म्हणून ठेवली होती. नंतर एक टाकलं तर गोकाकवाला म्हणाला की हे त्याच्याकडं चार वर्षांपासून आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो १९८५ च्या स्लेंग टेंगनं. किंग जॅमीनं काढलेलं वेन स्मिथचं गाणं, आणि त्याचा अख्खा ताल कॅसिओ एमटी-४० ह्या छोट्या कीबोर्डमधला आयता, बटण दाबलं की चालू. तो ताल कॅसिओत नव्यानं लागलेल्या हिरोको ओकुडा ह्या जपानी बाईंनी बसवलेला. त्या एका बटणावर जमैकाचं संगीत कॉम्प्युटरच्या बाजूला वळलं. आमच्याकडं कुठलाही कीबोर्ड म्हणजे क्यासिओच. भाच्याच्या क्यासिओवर आम्ही रात्री एक-एक बटण दाबून बघितलं, सापडला तो भांगडा आणि वॉल्ट्झ.

आक्काचा सगळ्यात भारी शोध म्हणजे २००२ चं 'ॲडिक्टिव्ह', ट्रुथ हर्ट्स ह्या अमेरिकन गायिकेचं. ओळ काहीच लिहिली नाही, नियम मोडला. लावलं तर मागं लताबाई. 'ज्योती' सिनेमातलं 'थोडा रेशम लगता है', १९८१ चं, बप्पी लाहिरींचं संगीत. न विचारता घेतलं म्हणून अमेरिकेत कोर्टकचेरी झाली त्यावर. आमची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "लताबाई इंग्लिशमध्ये काय करालीया?"

मराठीत मला 'स्वदेशी' ह्या मुंबईच्या ग्रुपचं 'वारली रिवोल्ट' आवडलं, आरेच्या जंगलावरचं. कन्नडमध्ये गोकाकवाला ऑल ओके ह्या रॅपरची गाणी टाकतो आणि आम्हाला अर्थ सांगायला व्हॉइस नोट पाठवतो, ती गाण्यापेक्षा मोठी असते. पण भाषेचा खरा धक्का बसला तो लिंटन क्वेसी जॉन्सनचा. जमैकात जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला कवी, १९७८ चा 'ड्रेड बीट अँड ब्लड' अल्बम, खाली रेगे आणि वर कविता, आणि कविता शाळेतल्या इंग्रजीत नाही, घरी बोलतात त्या जमैकन बोलीत, स्पेलिंगसुद्धा उच्चाराप्रमाणं. पुण्याचा भाऊ माझ्या 'मी ऐकलो, मी बघितलो' ला कायम हसतो, 'मी ऐकलं' म्हण म्हणतो. मी जॉन्सनचं गाणं टाकलं आणि ओळ लिहिली, 'मी हे तीनदा ऐकलो.' त्या दिवशी त्याचा रिप्लाय आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, जरा सरळ होता.

तक्रारी पण लिहितो, नाहीतर म्हणाल सगळंच गोड.

फुकटच्या खात्यात जाहिरात येते ती नेमकी डबच्या एकोच्या शेपटावर. एको लांब जात असतो, जात असतो, आणि मधेच बाई किंचाळते की लोन पाहिजे का. दोन महिने सहन केलं, मग पैसे भरले. सामायिक लिस्टमध्ये कुणीही काहीही पुसू शकतो, भाच्यानं एकदा खेळता खेळता ४० गाणी उडवली, तेव्हापासून आक्का वहीत नोंद ठेवते, शाईनं, तारखेसकट. काही गाणी एक दिवस राखाडी होतात, 'तुमच्या देशात उपलब्ध नाही', कारण सांगत नाहीत. जुन्या जमैकन गाण्यांच्या नावांचा तर उकिरडा आहे, एकच ताल पाच नावांनी, आणि वाजवणाऱ्यांची नावं जागेवर नाहीत. ॲप जे आपणहून सुचवतं त्यात मी एकदा डब ऐकलं की महिनाभर बीचवरची दारू प्यायची गाणी. माणसानं सुचवलेलं शंभर पटीनं बरं, माणूस चुकला तरी त्याला शिव्या देता येतात.

क्वालिटीचं एक लक्षात ठेवा. वरच्या क्वालिटीला, म्हणजे ३२० केबीपीएसच्या सेटिंगला, मिनिटाला २.४ एमबीच्या आसपास डाटा जातो. चोर्ल्याच्या बाजूला किंवा खानापूरच्या पुढं पावसात रेंजच नसते, त्यामुळं आक्का रविवारी बेळगावला आली की आठवड्याचं उतरवून घेते आणि बसमध्ये ऐकते. तिनं चांगले वायरवाले इअरफोन घेतले, खडे बाजारातून, तेवढ्यात तिचा बेसचा प्रश्न सुटला. माझ्यासारखा डबा घ्यायलाच पाहिजे असं नाही.

तर कुणी करावं? दोघांत करू नका, एक जण आजारी पडला की बंद. सहा-सातांत करू नका, कुणीच ऐकत नाही आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं ऐकलं. चौघं बरोबर. आवडी वेगळ्या असलेलं बरं. ओळ लिहायचा कंटाळा असेल तर सुरूच करू नका.

एकच गोष्ट आठ महिन्यांत सुटलेली नाही. लिस्टला नाव. मी मराठीत ठेवू म्हटलं, गोकाकवाला म्हणाला कन्नडमध्ये ठेव, आणि त्यानं परस्पर 'होस हाडु' ठेवूनपण टाकलं, म्हणजे नवीन गाणं. पुण्याच्या भावाला वाटलं मी त्याला कुत्र्यासारखं हाड म्हटलं. दोन दिवस रुसला. मग आक्कानं ते काढलं. बेळगावात पाट्यांवरून काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं सध्या लिस्टचं नाव 'न्यू प्लेलिस्ट ७' आहे आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलंय.