बाजीच्या गोचिडींवर तीन महिन्यांची गोळी: वर्षभर वापरून आलेला अनुभव

बरेच जण निकाल वाचायलाच येतात, म्हणून तो आधी सांगते. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी आणि पिसवा घालवायला फ्लुरालानरची चघळायची गोळी आमच्याकडे फार चांगली लागू पडली. बाजारात ती ब्रॅव्हेक्टो नावानं मिळते, आम्ही तीच देतो. पण गोळी दिली आणि घराच्या भिंती तशाच ठेवल्या, तर निम्मे पैसे पाण्यात गेले समजा. आणि जंतांवर ही गोळी चालत नाही, त्याचं औषध वेगळं.

बाजी आमचा कारवानी जातीचा कुत्रा आहे, पंचविसेक किलोचा. परभणीपासून जवळच शेत. दिवसभर तो आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी असतो, रात्री आमच्यासोबत गावातल्या घरी येतो. घर जुनं, दगडमातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. आखाड्यावर देवणी गाई आणि बैल बांधलेले, शेताच्या कडेनं जायकवाडीच्या डाव्या कालव्याची चारी. गोचिडीला ऊब, फट आणि जनावर लागतं. आमच्याकडे तिन्ही भरपूर.

ही गोळी सुरू करायचं कारण गोचीड ताप. एका उन्हाळ्यात बाजीनं भाकरीला तोंड लावणं सोडलं. ऊन चाळिशीच्या वर असलं की कुत्री कमी खातातच, पण हा पाण्याकडेही बघेना. संध्याकाळी ओट्यावर त्याच्या नाकातून रक्ताचे थेंब पडलेले दिसले. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रक्त तपासलं, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खूप खाली गेल्या होत्या आणि एर्लिकिया निघाला. हा जंतू गोचिडीच्या चाव्यातून रक्तात जातो. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे चालल्या. कुत्रं टुणटुणीत दिसायला लागलं की पुष्कळ जण औषध मध्येच बंद करतात. तसं करू नका, जंतू अंगात दबून राहतो आणि काही महिन्यांनी आजार पुन्हा डोकं वर काढतो. बाजी वाचला. तेव्हापासून त्याच्या हिरड्या बघणं हे माझं रोजचं काम झालंय.

त्याआधी आम्ही मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब वापरत होतो. ते औषध वाईट नाही. पिसवांवर चांगलं चालतं आणि कुत्रं घरात राहणारं असेल तर पुरतंही. ते कातडीवरच्या तेलात पसरतं, म्हणून टाकायच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको असते. बाजी मात्र कालव्याला पाणी सुटलं की दुपारभर त्यात डुंबतो आणि बाहेर येऊन मातीत लोळतो. अशा कुत्र्याला बाहेरून लावायचं औषध टिकत नाही, पोटातून द्यायचंच बरं, असं डॉक्टरांनी सुचवलं.

गोळी कुत्र्याच्या वजनाप्रमाणे मिळते. बाजीला वीस ते चाळीस किलोवाली लागते. ती जेवणासोबत द्यायची, रिकाम्या पोटी दिली तर नीट शोषली जात नाही. आम्ही अंडं कुस्करलेल्या भाकरीसोबत देतो, तो ती न शोधता खातो. पहिल्यांदा दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवला. आदल्या दिवशी राखाडी, टम्म फुगलेल्या गोचिडी होत्या, त्या चपट्या आणि कोरड्या पडल्या होत्या. काही तशाच चिकटून होत्या, पण चिमट्यानं धरल्या की लगेच सुटत होत्या. पोत्यावर बऱ्याच मरून पडलेल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ही गोळी गोचिडीला पळवून लावत नाही. औषध कुत्र्याच्या रक्तात असतं, गोचीड चावते, रक्त पिते आणि मग मरते. त्यामुळे गोळी दिल्यावरही अंगावर एखादी चालती गोचीड दिसणारच. ती दिसली म्हणून औषध बोगस ठरत नाही. पण चावा होतो, म्हणजे तापाचा धोका शून्यावर येत नाही, कमी होतो. म्हणून रोज हात फिरवणं सुटत नाही.

आता भिंतींचं. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आणि गाईवरची गोचीड वेगळी. गाईवर जी जास्त दिसते ती पिल्लापासून मोठी होईपर्यंत एकाच जनावरावर राहते. कुत्र्याची गोचीड मात्र प्रत्येक टप्प्यावर रक्त पिऊन खाली उतरते, कात टाकते आणि पुन्हा कुत्र्यावर चढते. आणि उतरली की ती वर जाते, भिंतीवर. पोट भरलेली मादी एखाद्या फटीत शिरून चार हजारांपर्यंत अंडी घालते. मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरते. आमच्या घरात बाजीच्या पोत्यामागच्या दगडांच्या सांध्यात विजेरी मारली तेव्हा त्या मला दिसल्या. एकावर एक बसलेल्या, खाली बारीक तपकिरी अंड्यांचा पुंजका. चौकटीच्या मागे आणि माळवदाच्या तुळईच्या टोकाशीही होत्या. अंगावर चार दिसत होत्या तेव्हा भिंतीत शेकड्यानं होत्या.

मग घरातल्यांनी दोन-तीन दिवस तेच काम केलं. पोती जाळली. कुत्रं बसतं त्या बाजूच्या भिंतीचे सांधे खरवडून सिमेंटनं बुजवले, वरून चुना मारला. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून फटींत फवारलं. तेव्हा बाजी, मांजर आणि लेकरं आखाड्यावर होती, भिंती पूर्ण वाळेपर्यंत कुणाला घरात घेतलं नाही. दोन-तीन आठवड्यांनी फवारणी पुन्हा केली, कारण पहिल्या फवारणीतून अंडी सुटतात. आता बाजीला पोत्याऐवजी जुनी चादर असते, ती दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन माळवदावर कडक उन्हात टाकते. खरा फरक या कामानंतर पडला. पहिल्या गोळीच्या वेळी नव्या गोचिडी रोज सापडायच्या. दुसऱ्या गोळीपासून क्वचित एखादी सापडते.

पिसवांचंही असंच. त्यांची अंडी कुत्र्यावरून घरंगळून जमिनीवर पडतात, अळ्या धुळीत वाढतात, मग कोश करून बसतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबते आणि पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब लागली की बाहेर येते. आमच्या भागातली माणसं ऊसतोडीहून परत येऊन घराचं कुलूप काढतात आणि पोटऱ्यांवर पिसवा उड्या मारतात, ते यामुळेच. जिथे शेणानं सारवलेली जमीन आहे तिथे कोपरे रोज झाडून कचरा लांब टाकायला हवा, दाराबाहेर ढकलून भागत नाही.

आखाड्यावरचे मामा प्रेमानं म्हणाले, “ताई, गाईचं गोचिडाचं औषध हाय ना, त्येच कुत्र्याला लावू का? लगेच गळतेत.” गळतातही. पण ते औषध जनावराच्या हिशेबानं असतं, कुत्रं अंग चाटतं, प्रमाण चुकलं तर लाळ गळते, अंग थरथरतं, जीवही जातो. रॉकेल, तंबाखूचं पाणी, डांबरगोळ्यांची पूड, यांतलं काहीही कुत्र्याला लावू नका. कडुलिंबाच्या पाल्यानं अंघोळ घातली तर नुकसान नाही, पण भरलेल्या भिंतीपुढे त्याचा काही टिकाव लागत नाही. गोचीड नखानं चिरडायची सवयही मोडा. काँगो ताप मुख्यतः जनावरांवरच्या गोचिडीतून माणसाला होतो. तो आपल्या देशात 2011 साली गुजरातेत सापडला आणि 2020 मध्ये पालघर जिल्ह्यात त्याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला गेला होता. हातमोजा घाला, चिमटा कातडीला टेकवून सरळ ओढा आणि गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका. मामांना चिमटा आणि बाटली आणून दिली, आता गाईंच्याही ते तशाच काढतात.

जंतांसाठी आम्ही प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल एकत्र असलेली गोळी देतो, दहा किलोला एक, दर तीन महिन्यांनी. कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा चादरीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. पिसू गिळली की तो पोटात जातो, म्हणून पिसवा न घालवता नुसतं जंताचं औषध देत राहिलात तर तो परत येतो. दुसरा एक पट्टकृमी जास्त भयंकर आहे. कंदुरी, म्हणजे नवसाच्या बकऱ्याचं जेवण झालं की गावातली कुत्री बकऱ्याचं फुप्फुस, काळीज ओढत नेतात. त्यात पाण्याच्या फोडासारख्या गाठी असतील तर कुत्र्याच्या पोटात तो जंत वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर येतात आणि माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी होतात. लेकरं अंगणात मातीत खेळतात, त्याच मातीत कुत्री बसतात. म्हणून आमच्या वाड्यात कंदुरीला उरलेलं खोल पुरायचं असं ठरलंय, आणि सासूबाई त्यावर स्वतः उभ्या राहून लक्ष देतात. पिल्लांना जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासूनच लागतं, कारण गोलकृमी आईच्या पोटातूनच येतात.

घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध तिला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, मांजरीचं यकृत ते पचवू शकत नाही, झटके येऊन ती मरू शकते. आमच्या मनीला डॉक्टरांनी मांजरीचे वेगळे थेंब दिलेत. बाजीच्या गोळीचा मनीला त्रास नाही, हाही पोटातून द्यायच्या औषधाचा एक फायदा.

गोळीबद्दल सावधगिरी एकच, पण महत्त्वाची. फ्लुरालानर ज्या गटातलं आहे त्या गटातल्या सगळ्याच औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेनं 2018 साली सूचना काढली होती, काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, झटके येऊ शकतात अशी. बाजीला काही झालं नाही. पण ज्या कुत्र्याला आधी कधी झटके आले असतील त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. दुकानातून परस्पर आणू नका आणि मोठी गोळी तोडून दोन कुत्र्यांना वाटू नका.

किंमत जास्त आहे, हे खरं. एक गोळी म्हणजे शेतातल्या मजुराची चार-पाच दिवसांची रोजंदारी. माझ्याकडे एकच कुत्रं आहे म्हणून झेपतं. ज्यांच्याकडे मेंढरांमागे तीन-चार कुत्री आहेत त्यांना हे परवडणार नाही. त्यांना मी आधी बसायची जागा, फटी आणि जंताच्या स्वस्त गोळ्या यांवर खर्च करा असंच सांगेन, आणि कुत्र्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन परवडेल असं दुसरं काय देता येईल ते विचारा.

थंडीत गोळी थांबवावी का, हे मला बरेच जण विचारतात. आमच्याकडची थंडी म्हणजे रात्रीपुरती, दुपारी ऊन असतंच, आणि चुलीमागची भिंत वर्षभर उबदार राहते. मागच्या पौषात मला तिथेच जिवंत गोचीड सापडली. त्यामुळे आम्ही थांबवत नाही, बारा आठवडे झाले की पुढची गोळी देतो.