‘नवा’ सेल जुनाच निघाला

पोहण्याच्या खाऱ्या पाण्याच्या तलावाला क्लोरीन लागत नाही, असं देखभालवाला म्हणाला की तिथेच सावध व्हा. तलावातल्या मिठापासून सेल, म्हणजे यंत्रातला धातूच्या पत्र्यांचा भाग, विजेच्या मदतीने क्लोरीनच बनवतो. मीठ असतं जेमतेम ३००० ते ३५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), समुद्राच्या सुमारे एक दशांश. तेवढ्याने शेवाळ मरत नाही, मरतं ते क्लोरीनने.

आमचा कंत्राटदार क्लोरीन कधी मोजायचाच नाही. पाणी हिरवं दिसलं की निळं औषध ओतायचा आणि त्याचं बिल वेगळं. थोडे दिवस बरे जायचे, मग भिंती पुन्हा बुळबुळीत. औषधात तांबं होतं, मोरचुदाच्याच जातीचं. ते उडून जात नाही, पाण्यात साठत राहतं. पायऱ्यांवर डाग पडले. रोज पोहणाऱ्या एका आजोबांचे पांढरे केस हिरवट झाले, तर हा त्यांनाच म्हणतो, “काका, शाम्पू बदला!”

मग यंत्रावर मीठ कमी असल्याचा दिवा लागला. याने आधी मिठाची पोती रिचवली, नंतर ‘सेल गेला’ म्हणून तो काढून नेला आणि चकचकीत ‘नवा’ आणून बसवला. किंमत अर्थातच नव्याची. पहिला सेल बसवताना काढलेल्या जुन्या फोटोशी अनुक्रमांक ताडून पाहिला, तर तोच! सेलच्या पत्र्यांवर क्षारांचा थर चढला की यंत्र मीठ कमी दाखवतं. तो थर त्याने सौम्य आम्लाने धुऊन काढला होता, बस्स. जाब विचारला तर म्हणे, “कंपनी सगळ्यांना एकच नंबर देते.”

दुसऱ्याकडून पाणी तपासलं. क्लोरीन जवळपास शून्य, पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ८ च्या वर (सेल चालू असला की पीएच चढतोच, तो ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावा लागतो) आणि उन्हापासून क्लोरीन वाचवणारं स्टॅबिलायझर नावालाच. एवढं शेवाळ आवरणं एकट्या सेलच्या आवाक्यातलं नसतं. पीएच खाली आणून द्रवरूप क्लोरीन घातलं, भिंती घासल्या, पाणी नितळ होईपर्यंत फिल्टर बंद केला नाही.

तुमच्याकडे कुणी सेल बदलायला निघालं तर अनुक्रमांकाचा फोटो काढा, जुना सेल ताब्यात मागा आणि पाण्याची तपासणी समोर करून घ्या.

आमचे पैसे बुडाले. तांबं मात्र अजून आहे. ते कमी करायला पाणी थोडंथोडं उपसून नवं भरतोय, आणि उपसलेल्या पाण्याबरोबर ते पोत्यांतलं मीठही चाललंय.