भामरागडसाठी निधी आहे: रुग्णवाहिका द्यावी की गावातली आरोग्यसेविका उभी करावी?

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. आता तिकडे मदत नेता येईल, असं बऱ्याच जणांना वाटू लागलंय. देणगी देणाऱ्या मंडळाच्या बैठकीत पहिली सूचना बहुधा एकच येते, रुग्णवाहिका. फीत कापता येते, दारावर देणगीदाराचं नाव लागतं. याच जिल्ह्यातल्या भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यासाठी पैसे द्यायचे असतील, तर मात्र थोडं थांबा.

गाडी लागतेच, हे आधी मान्य करू. बाळंतपणात अंगावरून फार रक्त जायला लागलं किंवा मूल अडलं, तर गावात कोणी काही करू शकत नाही. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावतो. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पापण्या मिटू लागतात, मग शब्द अडखळतात, मग श्वास. अशा रुग्णाला प्रतिविष हवं आणि वाटेत श्वास थांबलाच तर पिशवी दाबून हवा देणारा माणूस हवा. नुसती बाकडं टाकलेली व्हॅन तिथे कामाची नाही.

पण गाडी रस्ता असेल तिथवरच जाते. आलापल्लीहून भामरागडला जाताना पर्लकोटा नदी लागते. पावसाळ्यात तिला पूर आला की तालुक्याचं गावच तुटतं, आतल्या टोल्यांचं, म्हणजे छोट्या वस्त्यांचं, तर विचारूच नका. तिथून आजारी माणूस बाजेची कावड करून नाल्यापर्यंत आणतात, नाला डोंग्यातून ओलांडतात, आणि गाडी असलीच तर पलीकडच्या काठावर. त्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संघर्ष. 1 मे 2019 ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात 15 जवान आणि चालक गेले, तेही खासगी गाडीतून जाताना. अशा जिल्ह्यात रात्री गाडी काढायला चालक कचरला, तर त्याला दोष कसा देणार?

आणि खर्च. गाडी एकदाच घेतली जाते. चालक, डिझेल, विमा, टायर, ऑक्सिजन दर महिन्याला लागतात. चोवीस तास गाडी चालवायची तर सुट्ट्या धरून निदान चार चालक हवेत. 108 ची सरकारी रुग्णवाहिका सेवा राज्यात 2014 पासून आहेच. तिच्या शेजारी आणखी एक गाडी उभी करून अंतर कमी होत नाही.

आता दुसरी बाजू. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. झोळीच्या काट्यावर बाळ तोलणं, श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा देणं, जंतुसंसर्ग ओळखून वेळेत इंजेक्शन देणं. तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती गावं भामरागडमधली नव्हेत, हे लक्षात ठेवा. इथे माडिया, म्हणजे इथल्या आदिवासींची भाषा, बोलणारीच बाई हवी आणि गावातल्या पुजाऱ्याशी तिचं बरं हवं. हिवतापात तर तिच्यासारखा उपयोग कोणाचाच नाही. बोटाचा एक थेंब, पंधरा-वीस मिनिटं, पट्टीवर रेघ उमटली की त्याच दिवशी गोळ्या सुरू. फाल्सिपेरम हा हिवतापाचा जीवघेणा प्रकार मेंदूत जाण्याआधीच अडवला, तर गाडीची वेळच येत नाही.

तिची अडचण वेगळी आहे. जंगलातल्या बंदूकधाऱ्याने मागितली म्हणून ताप उतरायची गोळी दिली, तरी पोलिसांना संशय. पोलिसांच्या शिबिरात गेली, तर दुसऱ्यांना. म्हणून औषधांचा साठा ग्रामसभेच्या नावावर, उघड वहीत लिहिलेला असावा. शिवाय किट संपलं की ती रिकाम्या हाताने बसते. बहुतेक देणगीदार प्रशिक्षणाचे फोटो काढतात आणि पुरवठ्याचं विसरतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरा पर्याय बैठकीत कोणी सुचवतच नाही, तो म्हणजे माहेर घर. दिवस भरत आले की गरोदर बाई दवाखान्याजवळच्या खोलीत येऊन राहते. पूर येण्याआधीच ती अलीकडे आलेली असते. योजना सरकारी आहे. पण जुलैत धानाची रोवणी असते, घरी लहान मूल असतं, मजुरी बुडते. सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी, माडिया बोलणारी स्वयंपाकीण, एवढ्यावर पैसे घातले तरी खोली भरते.

मला विचाराल तर भामरागडसाठी आधी आरोग्यसेविका आणि तिची औषधं, जोडीला माहेर घर; गाडी सगळ्यांत शेवटी. चामोर्शी, आरमोरीकडे रस्ते बरे आहेत, तिथे हा क्रम उलटू शकतो. पैसे मात्र तीन वर्षांचे एकदम बांधा. एका वर्षात शिकवलेली बाई दुसऱ्या वर्षी किटविना बसवू नका.

गाडीच द्यायचं ठरलं असेल, तर सही करण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: चालकांचे पगार कोण देणार, पावसाळ्यात ती नदीच्या कोणत्या काठावर उभी राहणार आणि आत श्वास देता येणारा माणूस कोण असणार.