काळ्या गाडीला वन-स्टेप पॉलिश: काय निघालं, काय राहिलं

गाडी काळी आहे आणि पाच वर्षं जुनी. ज्यांच्याकडे काळी गाडी आहे त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. सावलीत उभी असली की झकास, ऊन पडलं की बॉनेटवर कोळ्याने जाळं विणल्यासारखे गोल गोल बारीक चरे. आणि हे चरे बाहेरचं कोणी येऊन मारत नाही हो, आपणच मारतो, रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसून, आणि राहिलेले मग त्या फिरत्या ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशमध्ये. मी दोन्ही केलंय, त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाहीये.

फुल पेंट करेक्शनचं, म्हणजे मशीनने बऱ्याच टप्प्यांत पॉलिश करून जवळपास सगळे चरे काढायचं, विचारून झालं होतं. दोन-तीन दिवस गाडी ठेवा म्हणाले आणि आकडा असा की तेवढ्यात चार नवे टायर आले असते. रोज ऑफिसला जाणारी, दिवसभर उघड्यावर धूळ खाणारी गाडी, तिच्यावर एवढे घालवायला मन होईना. मग एका डिटेलिंगवाल्याकडे वन-स्टेप पॉलिश, म्हणजे एकाच टप्प्यात उरकणारं पॉलिश, म्हणून पॅकेज दिसलं, सकाळी द्या दुपारी न्या, फुल करेक्शनच्या साधारण एक तृतीयांश पैशात. आता एवढं स्वस्त म्हटल्यावर मनात पाल चुकचुकलीच, कारण आधी एकदा हात पोळलेत. दुसऱ्या एका ठिकाणी तासाभरात गाडी आरशासारखी करून दिली होती, मी खूश होऊन चार लोकांना दाखवली पण, आणि तिसऱ्या धुण्यात सगळे चरे जसेच्या तसे परत. नंतर कळलं की काढले काहीच नव्हते, तेलकट ग्लेझ भरून नुसते बुजवले होते. वरून रोटरी मशीन कसंही फिरवल्यामुळे बॉनेटवर होलोग्राम, म्हणजे उन्हात दिसणारे मशीनच्या फेऱ्यांचे पट्टे, पडले ते वेगळेच.

यावेळी गेल्या गेल्या तिथल्या पोराने टॉर्च घेतला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या फेंडरवर एक लांब ओरखडा आहे, त्याच्यावरून त्याने अंगठ्याचं नख आडवं फिरवलं, टिक् करून अडकलं. "सर, हा नखाला लागतोय, हा वन-स्टेपमध्ये जाणार नाही. कडा जरा मऊ होतील, कमी दिसेल, बास." पैसे घ्यायच्या आधी काय होणार नाही ते सांगणारा माणूस मला तरी या धंद्यात पहिल्यांदाच भेटला, इथेच निम्मे मार्क दिले.

मग पेंट मोजायचं ते छोटं मीटर काढलं. सगळीकडे 110-120 मायक्रॉन, आणि डाव्या मागच्या दारावर एकदम 240 च्या आसपास. म्हणाला हे दार परत रंगवलंय. बरोबर होतं, ते दार पार्किंगमध्ये खांबाला घासलं होतं आणि घरी मी ते फारसं कोणाला बोललो नव्हतो, बायको शेजारीच उभी होती, असो. मुद्दा असा की या सगळ्या जाडीत वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचाच असतो, म्हणजे वहीच्या कागदाची निम्मी जाडी धरा, आणि पॉलिश म्हणजे त्यातलाच वरचा एखाद-दोन मायक्रॉनचा थर घासून काढणं, म्हणजे चऱ्यांच्या कडा जाऊन पृष्ठभाग सपाट होतो आणि उजेड वेडावाकडा फाकत नाही. त्यामुळे दर सहा महिन्यांनी चमक मारून घेऊ असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा दमाने, क्लिअर कोट एकदाच मिळतो.

नाव वन-स्टेप असलं तरी पॉलिशच्या आधीच चांगला दीड तास गेला. शाम्पूने धुतली, मग लोहाचे कण काढायचं ते लिक्विड मारलं. चाकांच्या वरच्या भागात ते जांभळं होऊन ओघळायला लागलं, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची धूळ पेंटमध्ये रुतून बसलेली असते तिच्याशी रिअॅक्शन होऊन तो रंग येतो. मग क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवला. क्लेच्या आधी आणि नंतर प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवर बोटं फिरवून बघा, आधी बारीक वाळू लागल्यासारखं खरखरीत, नंतर काच. हे न करता थेट मशीन लावलं तर तीच घाण पॅडखाली येऊन नवे चरे पाडते, आणि स्वस्त पॅकेजवाले नेमकं हेच गाळतात. वेळ वाचवायचा तर मशीनच्या फेऱ्यांत वाचवा राव, धुण्यात नको.

नंतर बॉनेटच्या मध्ये टेप लावून एकाच बाजूला टेस्ट केली. आधी मऊ फोमचा पॅड लावला, फारसा फरक नाही, म्हणाला पेंट कडक आहे, मग थोडा जास्त कापणारा पॅड लावला तेव्हा जाळं निघायला लागलं. मशीन डीए, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता थरथरतो पण, त्याने एकाच जागी उष्णता धरत नाही आणि होलोग्रामची भीती कमी. लिक्विड एकच, त्यातच घासणारे कण आणि त्यातच वॅक्स. दोन बाय दोन फुटाचा तुकडा घ्यायचा, आडव्या-उभ्या सावकाश फेऱ्या मारायच्या, पुसायचं, पुढे. आधीच्या अनुभवामुळे मी म्हटलं टेस्टच्या जागी अल्कोहोल मारून पुसून दाखव. जरा हसला पण दाखवलं, चरे परत आले नाहीत, म्हणजे खरंच निघालेत. अर्थात त्याने तिथलं वॅक्सही गेलं, तेवढ्या तुकड्यावर त्याला परत हात मारावा लागला.

आणखी एक आवडलं म्हणजे प्रत्येक पॅनल झालं की पॅड ब्रशने साफ करत होता. एकाच पॅडने अख्खी गाडी घासली तर तो लिक्विड आणि निघालेल्या पेंटने चिकट होतो, मग कापतही नाही आणि पुसतानाही धुरकट राहतं. दहा सेकंदांचं काम असतं, पण न करणारे बरेच बघितलेत.

रिझल्ट? माझ्या डोळ्यांच्या अंदाजाने साठ-सत्तर टक्के चरे गेले. उन्हात जाळं जवळपास दिसत नाही, काळा रंग परत काळा झालाय, आधी करडट झाला होता हे आता कळतंय. फेंडरचा ओरखडा आहे तिथेच आहे, छतावर पक्ष्याच्या विष्ठेने खाल्लेला डाग पण आहे, तो आत उतरलाय. दोन्हीबद्दल आधीच सांगितलं होतं त्यामुळे तक्रार नाही.

तक्रारी दुसऱ्याच आहेत. चार तास सांगून साडेपाच लागले. टेप मोजक्या ठिकाणीच लावलेली, त्यामुळे काचेच्या रबरावर, आरशाच्या काळ्या प्लास्टिकवर आणि मागच्या अक्षरांच्या फटीत वाळलेलं पांढरं राहिलं. काळ्या गाडीवर पांढरं, लांबूनच दिसतं. आणि शेवटी बिल करताना काउंटरवरच्या माणसाने विचारलं, यावर सिरॅमिक मारून देऊ का, आजच ऑफर आहे. अहो आत्ताच वॅक्सवालं लिक्विड फिरवलंय ना तुम्ही, सिरॅमिक पकडणार कशाला? सिरॅमिक म्हणजे पेंटला चिकटून बसणारा संरक्षक थर, त्याला पेंट अगदी कोरा लागतो. पॉलिश करणाऱ्या पोराला हे माहीत होतं, तो दुसरीकडे बघत उभा राहिला. तर ज्यांना पुढे सिरॅमिक करायचंच आहे त्यांनी हे पॅकेज घेऊच नका, बिनवॅक्सचं पॉलिश मागा. गाडी विकायची असेल किंवा माझ्यासारखी रोजची रखडपट्टी असेल तर मात्र बिनधास्त घ्या.

आता दोन महिने झालेत. बॉनेटवर पाण्याचे थेंब अजून गोल बसतात, छतावर पसरायला लागलेत, वॅक्स संपत आलं बहुतेक. कोरडा फडका मी घरातून हद्दपार केलाय, दोन बादल्या आणि मऊ मिट, म्हणजे गाडी धुवायचा हातमोजा, घेतलाय, तरी ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलमागे नखांचे नवे चरे पडलेच, अंगठी आणि किल्ली एकाच हातात असली की पडतात.

पाचपैकी चार स्टार. पाचवा त्या रबरातल्या पांढऱ्यामुळे कापला, गेला रविवार पण जुना टूथब्रश घेऊन तेच काढत बसलो होतो, अक्षरांमधलं अजून निघायचंय.