.३७५ हॉलंड, .४०४ जेफरी की .४१६ रिग्बी: जुनी ब्रिटिश बोल्ट रायफल निवडताना

आफ्रिकेतल्या हत्तीसाठी आणि रानम्हशीसाठी ब्रिटिश बंदूककारांनी पहिल्या महायुद्धाआधीच्या दहा-बारा वर्षांत ज्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफली (दर गोळीनंतर बोल्ट, म्हणजे खिट्टी, हाताने मागेपुढे करून काडतूस भरायच्या) घडवल्या, त्यांपैकी एखादी विकत घेण्याचा विचार जो करतो, त्याच्यापुढे शेवटी बहुधा तीनच नावे उरतात: हॉलंड अँड हॉलंडची .३७५ मॅग्नम, जेफरीची .४०४ आणि रिग्बीची .४१६ (हे आकडे ढोबळपणे नळीच्या व्यासाचे, इंचात). हा आढावा ब्रिटन, अमेरिका, दक्षिण आफ्रिका किंवा टांझानियासारख्या देशांत राहणाऱ्या, रीतसर परवाना असलेल्या आणि या तिघींत मन अडकलेल्या वाचकासाठी आहे. भारतातल्या वाचकाचा प्रश्न वेगळा असतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

या रायफली मुळात का घडल्या हे कळले, तर त्यांच्यातला फरक आपोआप उलगडतो. त्या काळी मोठ्या जनावरासाठी मानाचे हत्यार म्हणजे दुनळी रायफल. तिच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडतील अशा त्या जुळवून घेणे हे अत्यंत वेळखाऊ हातकाम असल्यामुळे तिची किंमत साध्या वनाधिकाऱ्याच्या किंवा मळेवाल्याच्या आवाक्यात नसे. माउझर या जर्मन बंदूककाराच्या १८९८ च्या बोल्टमुळे त्यांना स्वस्त, भक्कम आणि चार-पाच काडतुसे पोटात घेणारा पर्याय मिळाला. या बोल्टची रुंद पकड मॅगझिनमधून वर येणारे काडतूस पहिल्या क्षणापासून धरून ठेवते, त्यामुळे रायफल कोणत्याही कोनात असली तरी काडतूस निसटत नाही. जनावर अंगावर येत असताना या गोष्टीचे मोल काय असते, ते वेगळे सांगायला नको.

दुसरा मुद्दा दारूचा. त्या वेळच्या काडतुसांत कॉर्डाइट ही बिनधुराची ब्रिटिश दारू भरलेली असे, आणि उन्हात तापलेले कॉर्डाइट इंग्लंडच्या थंडीत मोजलेल्या दाबापेक्षा बराच जास्त दाब निर्माण करी. दाब वाढला की पितळी काडतूस चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या) भिंतींना घट्ट चिकटून बसते आणि बोल्ट उघडत नाही. रिग्बीने १९११ मध्ये .४१६ आणताना यावर काढलेला तोडगा सरळ होता: काडतूस मुद्दाम मोठे करायचे, दारूला भरपूर जागा द्यायची आणि दाब खाली ठेवायचा. आजच्या युरोपीय मानकांतही .४१६ रिग्बीची दाबमर्यादा ३२५० बार आहे, .४०४ जेफरीची ३६५० बार, तर .३७५ हॉलंडची ४३०० बार. म्हणजे शंभर वर्षांच्या पोलादाला सर्वांत कमी ताण देणारे काडतूस रिग्बीचे आहे.

आता ताकद पाहू. १९१२ मध्ये आलेली .३७५ ही ३०० ग्रेनची (साधारण १५ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने फेकते. .४०४ ची गोळी ४०० ग्रेनची, पण जुन्या भाराप्रमाणे तिचा वेग सुमारे ६५० मीटर. .४१६ मात्र ४१० ग्रेनची गोळी ७२० मीटरच्या आसपास नेते. कागदावर .३७५ आणि .४०४ यांची ऊर्जा जवळपास सारखीच, साडेपाच हजार ज्यूलच्या आगेमागे भरते, तर .४१६ ची सात हजारांजवळ पोहोचते. याची किंमत खांद्याला मोजावी लागते, कारण त्याच वजनाच्या रायफलीत .४१६ चा धक्का .३७५ च्या जवळजवळ दीडपट बसतो. वर्षातून दोनदा सरावाला जाणाऱ्या माणसाने हा आकडा गांभीर्याने घ्यावा. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणाऱ्याच्या हातात .४१६ असण्यापेक्षा निश्चिंत हातात .३७५ असलेली केव्हाही बरी. .४०४ चा धक्का .३७५ पेक्षा थोडाच अधिक असतो आणि अचानक न बसता खांद्याला ढकलल्यासारखा जाणवतो.

काडतुसे मिळण्याच्या बाबतीत .३७५ निर्विवाद पुढे आहे. अमेरिकेत ती १९२५ पासून भरली जाऊ लागली आणि १९३७ मध्ये विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या मॉडेल ७० रायफलीत आल्यावर ती जगभरच्या दुकानांत पोहोचली. उरलेल्या दोघींचा इतिहास असा सुखाचा नाही. कायनॉक या जुन्या ब्रिटिश काडतूस कंपनीने मोठ्या जनावरांची काडतुसे बनवणे थांबवल्यावर .४१६ आणि .४०४ चे मालक कित्येक वर्षे जुन्या डब्यांवर आणि हाताने भरलेल्या काडतुसांवर दिवस काढत होते. १९८९ मध्ये फेडरल या अमेरिकन कंपनीने .४१६ रिग्बी पुन्हा भरायला घेतली आणि चित्र बदलले. आज हॉर्नाडी आणि नॉर्मा या दोन्ही कंपन्या .४१६ तसेच .४०४ देतात, पण आफ्रिकेच्या आडगावात सामान हरवले तर उसनी मिळण्याची शक्यता असते ती .३७५ चीच.

संग्राहकाच्या नजरेने पाहिले तर क्रम उलटा होतो. रिग्बी ही १७७५ मध्ये डब्लिनला सुरू झालेली पेढी. १८९८ च्या सुमारापासून १९१२ पर्यंत ब्रिटनमधला माउझरचा व्यवहार तिच्याकडे होता आणि लांब काडतुसांसाठीचा मॅग्नम माउझर अ‍ॅक्शन (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ते घर) तिच्याच मागणीतून घडला. मूळच्या मॅग्नम अ‍ॅक्शनवरची, युद्धपूर्व .४१६ अगदी थोडी आहे आणि तिची किंमतही तशीच आहे. तिच्या कीर्तीत केनियातला व्यावसायिक शिकारी हॅरी सेल्बी याचा मोठा वाटा आहे. १९४९ च्या सुमारास त्याची दुनळी रायफल गाडीखाली चिरडली गेली, हाताशी मिळाली म्हणून त्याने .४१६ रिग्बी घेतली आणि पुढे तीच त्याची ओळख बनली. दुसऱ्या महायुद्धानंतर ओबेर्नडोर्फचा माउझर कारखाना मोडला गेल्याने रिग्बीला इतरांचे अ‍ॅक्शन वापरावे लागले. म्हणून ‘रिग्बी’ हे नाव पाहून थांबू नये, त्याखालचा अ‍ॅक्शन कोणता आणि कोणत्या काळातला हे आधी विचारावे.

.४०४ कडे मात्र संग्राहकांनी अन्याय म्हणावा इतके दुर्लक्ष केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुनळीतल्या .४५०/४०० काडतुसाचे काम मॅगझिन रायफलीत करता यावे म्हणून जेफरीने ते आणले आणि इतर बंदूककारांनाही वापरू दिले. त्यामुळे केनिया आणि टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीच्या) वन्यजीव खात्यांनी पीक उद्ध्वस्त करणाऱ्या हत्तींच्या बंदोबस्तासाठी .४०४ मोठ्या प्रमाणावर वापरली. या रायफलींनी पावसात, चिखलात आणि मालवाहू गाड्यांत आयुष्य काढले आहे. त्यांच्या दस्त्यांवर ओरखडे आहेत, निळाई (पोलादावर दिलेला निळसर-काळा मुलामा) उडालेली आहे, आणि म्हणूनच त्या तुलनेने स्वस्त मिळतात. काडतुसाचा खांदा हलक्या उताराचा असल्याने ते चेंबरमध्ये लोण्यासारखे सरकते. परंतु एक धोका डोळ्यांत तेल घालून तपासावा लागतो. हे लांब काडतूस बसवण्यासाठी बऱ्याचदा साध्या लांबीच्या माउझरचा पुढचा उतार (ज्यावरून काडतूस चेंबरकडे चढते) घासून जागा केलेली असते, आणि तसे करताना बोल्टच्या खालच्या खिळीला (बोल्ट बंद धरून ठेवणाऱ्या दात्याला) टेकू देणारे पोलाद पातळ होते. तिथे खिळीने घर दाबल्याची खूण दिसली किंवा बोल्ट उघडताना अडखळला, तर रायफल कितीही देखणी असली तरी परत ठेवावी. याशिवाय जुन्या .४०४ च्या चेंबरची आणि आट्यांची (नळीच्या आतल्या पिळदार खाचांची) मापे एकसारखी नसतात, त्यामुळे नळी मोजून घेतल्याशिवाय आजचे काडतूस तिच्यात घालू नये.

तिघींना लागू असलेली तपासणी नळीचीच आहे. कॉर्डाइट अतिशय उष्ण जळते आणि त्या काळच्या टोप्यांतले (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांतले) क्षार शिकारीनंतर लगेच गरम पाण्याने धुतले नाहीत, तर एका रात्रीत नळी गंजवत. चेंबरच्या पुढचा घसा झिजलेला आणि आटे खडबडीत झालेले असतील, तर संग्राहक ते सहन करू शकतो, वापरणारा नाही. दुर्बीण बसवण्यासाठी नंतर पाडलेली भोके, कापून लावलेले रबरी पॅड आणि पुन्हा दिलेली निळाई यांचे उलट आहे: त्यांनी संग्राहकाचे मूल्य जाते, पण वापरणाऱ्याचे काही बिघडत नाही. म्हणून ज्याला खरोखर शिकारीला जायचे आहे, त्याने भोके पडलेली, चांगल्या नळीची हॉलंड .३७५ शोधावी, एवढ्या पैशात त्याला याहून चांगली रायफल मिळणार नाही.

वेस्टली रिचर्ड्सची .३१८ ही सुंदर आणि हलकी रायफल आहे, आणि डब्ल्यू. डी. एम. बेल या प्रसिद्ध हत्तीशिकाऱ्याने .३१८ आणि .२७५ रिग्बीने हत्ती मारले हेही खरे आहे; पण टांझानियासह अनेक देशांत धोकादायक जनावरासाठी .३७५ ही किमान मर्यादा असल्याने ती आता हरणांपुरती उरते. त्याच पेढीची .४२५ आणि गिब्जची .५०५ पहिल्या खरेदीसाठी घेऊ नयेत. ब्रिटनमधल्या वाचकाने हेही लक्षात ठेवावे की १९३९ पूर्वीची असली तरी काडतूस आजही प्रचलित असलेली रायफल तिथे पुराणवस्तू ठरत नाही; तिला परवाना लागतोच, आणि प्रूफची (अधिकृत दाबचाचणी पार केल्याची) वैध खूण नसलेली रायफल विकणे हा गुन्हा आहे.

मला एकच निवडायची झाली, तर मी मूळ नळीची, फार छेडछाड न झालेली .४०४ घेईन, कारण ती ठेवण्याजोगीही आहे आणि वापरण्याजोगीही. भांडवल अडकवून जपायची असेल, तर युद्धपूर्व .४१६.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या रायफलींचा शिकारीसाठी उपयोग उरलेला नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. तरीही महाराष्ट्रातल्या संस्थानी किंवा इनामदार घराण्यांच्या वारसांपुढे आजोबांची रायफल ठेवावी की सोडावी हा प्रश्न येतो. अशा वेळी विक्रीचा निर्णय घेण्याआधी नळीवरचे पेढीचे नाव आणि रायफलीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि त्या पेढीला कळवावा. रिग्बी, हॉलंड आणि वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या वह्या टिकून आहेत, आणि रायफल कोणासाठी, कधी आणि कोणत्या बोअरमध्ये घडवली याची नोंद त्यांत सापडू शकते. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीनंतर भेट मिळालेली .२७५ रिग्बी तिच्या घडवणाऱ्या पेढीकडे शंभराहून अधिक वर्षांनी परत गेली. तिच्या दस्त्यावर भेटीचा मजकूर कोरलेली पट्टी आहे. तुमच्या घरच्या रायफलीवर अशी पट्टी असेल, तर ती पॉलिशने घासू नका.