हयातीचा दाखला: बँकेत जावं, पोस्टमनला बोलवावं की घरीच फोनवर उरकावं?

नोव्हेंबर लागला की पेन्शनरांच्या घरात एक विषय ठरलेला असतो. हयातीचा दाखला द्या, नाही तर डिसेंबरपासून पेन्शन अडते. कायमची बंद होत नाही, दाखला पोचला की थकबाकीसह सुरू होते. पण औषधवाला तोवर थांबत नाही. 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही केंद्र सरकारची डिजिटल दाखल्याची सोय आली तेव्हापासून हे काम कागदाशिवायही होतं. आता आईवडिलांसाठी शाखा, पोस्टमन आणि घरचा स्मार्टफोन यांतलं काय निवडायचं, हा प्रश्न सहसा मुलांना पडतो. माझं मत आधीच सांगतो: पहिल्या वर्षी पोस्टमन, हात बसला तर पुढच्या वर्षी फोन, आणि ज्यांना बँकेत जायला आवडतं त्यांना खुशाल जाऊ द्या.

बँकेच्या रांगेला नावं ठेवायची फॅशन आहे, पण ती अगदीच टाकाऊ नाही. राज्य सरकारच्या निवृत्तांची नावं कोषागाराकडून बँकेत यादीने येतात. आपल्या नावासमोर सही केली की झालं. ओटीपी नाही, आधार नाही, ॲप नाही. शिवाय जुने सहकारी भेटतात, त्याची किंमत घरातल्या तरुणांना कळत नाही. पहिला आठवडा टाळा. जिने चढवत नसतील तर मात्र हट्ट नको. सत्तरी ओलांडलेल्यांना हयातीच्या दाखल्यासह काही सेवा घरपोच द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलं आहे. विचारल्याशिवाय हे कोणी सहसा सांगत नाही, म्हणून शाखेत या सेवेचं नाव घेऊन विचारा.

पोस्टमनचा पर्याय मला सगळ्यांत उजवा वाटतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन किंवा ग्रामीण डाक सेवक घरी येतो, आकार 70 रुपये, आणि पोस्टात खातं असायलाच हवं असं नाही. आधार, पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा नंबर), पेन्शनचं खातं आणि मोबाईल जवळ ठेवा. अडतं ते बोटांवर. आयुष्यभर शेतात राबलेल्या किंवा धुण्याभांड्यात गेलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात. छोट्या यंत्रावर अंगठा टेकवायचा, पुसायचा, पुन्हा टेकवायचा, मग दुसरं बोट, असं चालतं. तरीही उमटलं नाही तर चेहऱ्यावरून करता येईल का ते विचारा. दुसरी गोष्ट विश्वासाची. अनोळखी माणसाला आधार नंबर सांगायला आजी तयार नसतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. पण गावातला डाकवाला चारचौघांत ओळखीचा असतो.

फोनवरचा मार्ग सगळ्यांत स्वस्त आणि वेळेच्या बंधनाबाहेरचा. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय 2021 पासून आहे. अँड्रॉइड फोनवर दोन ॲप घ्यावी लागतात, एक आधारचं चेहरा ओळखणारं ‘फेस आरडी’, दुसरं जीवन प्रमाणचं. आधी फोन हाताळणाऱ्याची नोंद: त्याचा आधार, ओटीपी आणि त्याचाही चेहरा. मुलाने किंवा सुनेने हे एकदा करून ठेवलं की पुढे पेन्शनरची माहिती भरायची. खरी कसोटी कॅमेऱ्यासमोर. पाठीमागे खिडकी असली तर चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेडाकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा आणि पापण्या मिटा-उघडा म्हटलं की घाई न करता तेवढंच करायला सांगा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लगेच हा खटाटोप नको.

फॉर्ममध्ये एक गंमत आहे. ऐंशी वर्षांच्या आजींनाही पुनर्विवाह केला आहे का, असं विचारलं जातं. पुन्हा नोकरी लागली आहे का, हाही प्रश्न असतो. हसा, पण उत्तर नीट बघून द्या. ‘होय’ असेल त्यांना हा डिजिटल दाखला चालत नाही, जुन्या पद्धतीनेच द्यावा लागतो.

मुलं पुण्यात किंवा परदेशात आणि आईवडील गावी, अशा घरांत फोनचा पर्याय कागदावरच चांगला दिसतो. व्हिडिओ कॉलवरून ‘वरचं हिरवं बटण दाब’ म्हणत बसण्यापेक्षा 70 रुपये देऊन पोस्टमन बोलवा. उलट घरात शांत डोक्याचं कोणी असेल तर फोनच बरा, फक्त स्क्रीन हिसकावून स्वतः भराभर भरू नका. वडिलांना आकडे वाचू द्या. दोन वर्षांनी ते स्वतः करतील, आणि तेव्हाच ती सोय त्यांची होईल.

मुदतीचा घोळ वेगळाच. केंद्राच्या 80 वर्षांवरच्या पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. खासगी नोकरीतल्या पीएफमधून मिळणाऱ्या ईपीएस पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरची सक्तीच नाही. दाखला दिल्यापासून बारा महिने चालतो, तेव्हा त्यांनी गेल्या वर्षीची तारीख बघावी.

याच दिवसांत ‘तुमचा दाखला अपडेट करतो, ही फाईल उघडा’ असे फोन येतात. पेन्शन कार्यालय असा फोन करून ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

दाखला झाल्यावर एसएमएसने प्रमाण आयडी, म्हणजे त्या दाखल्याचा क्रमांक, येतो. तो आला म्हणजे पेन्शन देणाऱ्याने दाखला स्वीकारला असं नव्हे. पीपीओचा किंवा खात्याचा एक आकडा चुकला तरी तो नाकारला जाऊ शकतो. म्हणून चार-पाच दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर स्थिती बघा आणि नाकारला असेल तर महिना संपायच्या आत पुन्हा करा.