दृष्टिपटलाच्या आजाराचे मूळ शोधताना: उंदीर घ्यावा की ऑर्गनॉइड?

आनुवंशिक अंधत्वात प्रकाशग्राही पेशी नेमक्या कशाने मरतात, हे शोधण्यासाठी उंदीर निवडावा की रुग्णाच्याच पेशींपासून वाढवलेला ऑर्गनॉइड (प्रयोगशाळेत वाढवलेले छोटे, दृष्टिपटलासारखे ऊतक), हा निर्णय मला दोनदा घ्यावा लागला. पहिल्या खेपेस मी उंदीर निवडला आणि दुसऱ्या खेपेस ऑर्गनॉइड. संशोधनाची सुरुवात करणाऱ्यांना या दोन्ही पद्धतींची तोंडओळख असते, म्हणून निर्णयाच्या वेळी मला जे जड वाटले, तेवढ्याचाच विचार येथे मांडतो.

उंदराची बाजू भक्कम आहे. संशोधक क्लाइड कीलर यांनी दंडपेशी (अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या प्रकाशग्राही पेशी) नसलेले दृष्टिपटल १९२४ मध्ये उंदरात नोंदवले होते. त्यांच्या सुमारे सत्तर वर्षे जुन्या स्लाइडवरून काढलेल्या डीएनएने १९९३ मध्ये दाखवून दिले की तो दोष आणि आज आपण ‘आरडी१’ म्हणून वापरतो तो पीडीई६बी या जनुकातील दोष एकच आहे. या जनुकापासून बनणारे विकर निकामी झाले की दंडपेशीत सायक्लिक जीएमपी हा संदेशवाहक रेणू साचत जातो, त्यावर उघडणाऱ्या वाहिन्या उघड्याच राहतात, कॅल्शियम आत येत राहते आणि जन्मानंतर जेमतेम तीन आठवड्यांत बहुतेक दंडपेशी नाहीशा होतात. त्याहून मोलाची गोष्ट पुढे घडते. ज्यांच्यात हा दोष मुळी वापरातच येत नाही, त्या शंकुपेशीही (रंग पाहणाऱ्या प्रकाशग्राही पेशी) कालांतराने मरतात. शेजारच्या पेशी गेल्यामुळे होणारा हा मृत्यू समजून घ्यायचा असेल, तर रक्तवाहिन्या, मायक्रोग्लिया (दृष्टिपटलातील संरक्षक पेशी) आणि रंगद्रव्यपेशींचा थर जागच्या जागी असलेला जिवंत डोळाच लागतो. मधुमेहाने होणाऱ्या दृष्टिपटलविकाराबाबतही माझे मत हेच आहे.

असे असूनही मी उंदरापासून दूर गेलो, त्याला एकच त्रास कारणीभूत ठरला. मी ज्या सिलियाशी (पेशीवरील केसासारख्या तंतूंशी) संबंधित जनुकावर काम करत होतो, त्याच्या दोषयुक्त उंदरांच्या दृष्टिपटलाच्या खालच्या भागात पेशींच्या घड्या आणि गोलसर गुंते दिसू लागले. जवळजवळ सात महिने मी त्यांना माझ्या जनुकाचा परिणाम समजत राहिलो, छायाचित्रे काढत राहिलो आणि त्यावर पुढचे प्रयोग आखत राहिलो. मग एके दिवशी निरोगी म्हणून ठेवलेल्या भावंडांच्या डोळ्यांतही तेच गुंते सापडले. कारण होते ‘आरडी८’, म्हणजे सीआरबी१ या जनुकातील एका अक्षराचा लोप. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या सी५७ब्लॅक६ वंशाच्या ‘एन’ शाखेत आणि तिच्यापासून बनवलेल्या भ्रूणीय मूलपेशींत हा दोष असतो, हे २०१२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तपासणी म्हणाल तर पीसीआरची, एका दिवसाचे काम. चूक माझी होती, हे मी मान्य करतो. परंतु वंश शुद्ध करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या संकर करत बसलो असता दुसरी गोष्ट ध्यानात आली: आरपीई६५ या प्रथिनातील एका अमिनो आम्लाच्या फरकामुळेही एका वंशाचे उंदीर प्रखर प्रकाशाला दुसऱ्या वंशापेक्षा अधिक तग धरतात. म्हणजे कंट्रोल म्हणून, तुलनेसाठी, ठेवलेला प्राणी खरोखर कंट्रोल आहे का, ही शंका एका तपासणीने संपत नाही. ती प्रत्येक नव्या संकराबरोबर परत येते, आणि मला तिने अतिशय थकवले.

ऑर्गनॉइडमध्ये या शंकेला समाधानकारक उत्तर मिळते. रुग्णाच्या त्वचेतून किंवा रक्तातून प्रेरित बहुक्षम मूलपेशी (कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या) तयार करायच्या, त्यांतल्याच काहींमधील दोष क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने दुरुस्त करायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी वाढवायच्या. उरलेली सगळी जनुके त्याच माणसाची राहतात. सीईपी२९० या जनुकाचे उदाहरण मला निर्णायक वाटते. त्याच्या एका इन्ट्रॉनमधील (जनुकाच्या, प्रथिन बनण्यापूर्वी वगळल्या जाणाऱ्या भागातील) एकाच अक्षराच्या बदलामुळे संदेशक आरएनएत एक नको असलेला तुकडा शिरतो आणि प्रथिन अर्धवट राहते. मानवी इन्ट्रॉन उंदरात बसवूनही हा चुकीचा तुकडा तेथे फारसा शिरला नाही, कारण उंदराची पेशी तो मजकूर वेगळ्या रीतीने जोडते. रुग्णांच्या पेशींपासून वाढवलेल्या ऑर्गनॉइडमध्ये मात्र तो दिसला, आणि त्वचेच्या पेशींपेक्षा प्रकाशग्राही पेशींत अधिक प्रमाणात दिसला. या दोषाने शरीरातील इतर अवयव वाचून डोळाच का जातो, याचा धागा तेथे हाती लागतो.

ऑर्गनॉइडचे दोष मी लपवत नाही. प्रकाशग्राही पेशींना बाह्यखंड (प्रकाश टिपणारा भाग) फुटेपर्यंत सात-आठ महिने लागतात, दर दोन-तीन दिवसांनी मीडियम (पेशींचे पोषक द्रावण) बदलावे लागते आणि एका रात्री इन्क्युबेटर बिघडला तर अर्धे वर्ष वाया जाते. आतील, मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियन पेशी पोषणाअभावी मरतात. रंगद्रव्यपेशी प्रकाशग्राहींना लागून थर करण्याऐवजी एका कडेला गोळा होऊन बसतात, त्यामुळे या दोहोंमधील देवाणघेवाण अभ्यासता येत नाही. एकाच बॅचमधील दोन ऑर्गनॉइडही सारखे निघत नाहीत. तरीही हा फरक विखुरलेला असतो, अधिक ऑर्गनॉइड आणि दोन-तीन स्वतंत्र क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेले पेशीसमूह) घेतले की तो ओळखता येतो. आरडी८ने केलेली दिशाभूल मात्र सगळीकडे सारखीच होती, त्यामुळे ती मला खरी वाटत राहिली.

परवानग्यांचा भार दोन्हीकडे आहे, एकीकडे प्राणी नीतिसमिती आणि दुसरीकडे मूलपेशी संशोधनाची समिती, म्हणून त्यावरून निवड करू नये.

आपला प्रश्न पेशीबाहेरचा असेल, म्हणजे रक्तवाहिन्या, दाह किंवा शेजारच्या पेशींचा मृत्यू यांचा असेल, तर उंदीरच घ्यावा, आणि पहिली जोडी आली त्याच आठवड्यात आरडी८ तपासून घ्यावे. प्रश्न एका जनुकाचा आणि एका पेशीच्या आतील बिघाडाचा असेल, तर माझ्या अनुभवाच्या मर्यादेत मी ऑर्गनॉइडकडे झुकेन. दुरुस्त केलेले क्लोन गोठवून ठेवल्याखेरीज पहिली बॅच लावू नये, एवढीच विनंती.